क्रॉस वेगळा, कागद वेगळा

डसेलडॉर्फजवळच्या आमच्या गावात महिन्यातून एका रविवारी जुना बाजार भरतो. म्हातारी माणसं गेली की वारस परगावचे असतात. घर रिकामं करून देणाऱ्यांना ते एकरकमी पैसे देतात, आणि त्या घरातलं जे विकण्याजोगं असेल ते या बाजारात येतं. तीन वर्षांपूर्वी तिथे मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिसला. आत काळ्या-पांढऱ्या फितीचा लोखंडी क्रॉस, शिपायाच्या नोकरीच्या नोंदींची तळहाताएवढी तपकिरी पुस्तिका, चार फोटो, घडी घालून घालून चिरलेली एक सनद आणि पेन्सिलीने लिहिलेली काही कार्डं होती.

विकणारा माणूस सरळ होता. म्हणाला, "क्रॉसला गिऱ्हाईक आहे, सकाळीच सांगून गेलंय. कागद हवे तर तुम्ही असेच न्या. नाहीतर संध्याकाळी निळ्या डब्यात जातील." निळा डबा म्हणजे रद्दीचा. क्रॉसचे साठ युरो मोजून मी सगळा डबा उचलला. त्या दिवसापासून मी जुनी जर्मन लष्करी पदकं, कागद आणि फोटो यांच्या नादाला लागले आहे. हा नाद लोकांना खटकतो हेही मला ठाऊक आहे. पुण्याच्या एका मैत्रिणीने तोंडावर विचारलं, "तू नाझींच्या वस्तू जमवतेस?" तिचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं नाही.

आधी क्रॉसबद्दल सांगते. हा आयर्न क्रॉस नाझींनी काढलेला नाही. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात, १० मार्च १८१३ या तारखेने, प्रशिया या जर्मन राज्याचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म याने तो सुरू केला. रेखाटन शिंकेल या वास्तुकाराचं. आत काळं ओतीव लोखंड आणि भोवती चांदीची चौकट. १८७०, १९१४ आणि १९३९ साली तो पुन्हा चालू झाला. स्वस्तिक आलं ते शेवटच्या खेपेला. माझ्या डब्यातल्या क्रॉसवर पुढे मुकुट, 'डब्ल्यू' आणि १९१४ आहे, मागे ओकची पानं आणि १८१३. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या श्रेणीचे असे सुमारे ५० लाख क्रॉस वाटले गेले. त्यामुळे सुटा क्रॉस काही दुर्मीळ नाही.

तो मुकाही आहे. ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धात दिलेल्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. साताऱ्याच्या एखाद्या घरात असं पदक निघालं तर भिंगाने कड वाचावी, माणूस सापडतो. जर्मन क्रॉसवर बहुधा नाव नसतं. वरच्या कडीवर असलाच तर बनवणाऱ्याचा बारीकसा छाप असतो. तो कोणाच्या छातीवर होता हे फक्त सोबतचे कागद सांगू शकतात, आणि बाजारात सगळ्यात आधी तेच फेकले जातात.

यात नुकसान काय? ह्यूगो गुटमान हा न्यूरेंबर्गचा ज्यू लेफ्टनंट होता. बव्हेरियाच्या १६ व्या राखीव पायदळ रेजिमेंटमध्ये. त्याला पहिल्या श्रेणीचा आयर्न क्रॉस मिळाला होता. १९१८ च्या उन्हाळ्यात त्याच रेजिमेंटमधल्या एका निरोप्याला हाच सन्मान मिळावा अशी शिफारस गुटमानने केली. त्या निरोप्याचं नाव अॅडॉल्फ हिटलर. ४ ऑगस्ट १९१८ ला हिटलरला क्रॉस मिळाला आणि पुढे तो हा क्रॉस छातीवर मिरवत राहिला. गुटमानला जीव वाचवून देश सोडावा लागला. आता हे दोन क्रॉस शेजारी शेजारी टेबलावर ठेवा. लोखंड तेच, चांदी तीच. कागद काढून घेतले तर कोणता गुटमानचा आणि कोणता हिटलरचा हे जगातला कुठलाही जाणकार सांगू शकणार नाही.

आणि गुटमान एकटा नव्हता. पहिल्या महायुद्धात सुमारे १ लाख ज्यू जर्मनीकडून लढले, त्यांतले सुमारे १२ हजार मेले. तरीही १९१६ मध्ये, युद्ध चालू असताना, ज्यू आघाडीवर जायला टाळाटाळ करतात या अफवेवरून सैन्यातल्या ज्यूंची स्वतंत्र मोजणी झाली आणि तिचे आकडे सरकारने त्या वेळी जाहीरच केले नाहीत. पुढे २० जानेवारी १९४२ ला वानझेच्या बैठकीत युरोपातल्या ज्यूंच्या संहाराचं नियोजन झालं. तिच्या इतिवृत्तात एक कलम आहे: युद्धात गंभीर जखमी झालेल्या आणि पहिल्या श्रेणीचा आयर्न क्रॉस मिळालेल्या ज्यूंना थेरेजियनश्टाटच्या छावणीत पाठवावं. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या राष्ट्राने छातीवर क्रॉस लावला, त्याच राष्ट्राच्या कारकुनांनी त्या क्रॉसवरून कोणाला कुठल्या छावणीत पाठवायचं ते ठरवलं. मला या विषयाकडे ओढलं ते या एका ओळीने.

म्हणून माझं म्हणणं असं की या छंदातलं खरं पाप वस्तू जवळ बाळगणं हे नाही. पाप आहे संच फोडणं. क्रॉस एकाला, पुस्तिका दुसऱ्याला, फोटो पाच जणांना सुटे सुटे. व्यापाऱ्याला असे नग विकण्यात जास्त पैसे मिळतात. पण त्या दिवशी एक माणूस कायमचा पुसला जातो, मग तो निर्दोष असो वा खुनी. दोन्ही बाबतींत ते पुसणं वाईटच.

"सरकारी दप्तर असेलच की," असं कोणी म्हणेल. इथेच मोठी अडचण आहे. पहिल्या महायुद्धातल्या बहुसंख्य जर्मन सैनिकांची नोंद प्रशियन सैन्यात होती आणि तिचं दप्तर पॉट्सडॅमच्या लष्करी अभिलेखागारात होतं. १४ एप्रिल १९४५ च्या रात्री, युद्ध संपायला चार आठवडेही उरले नसताना, ब्रिटिश बाँबहल्ल्यात पॉट्सडॅम जळालं आणि प्रशियन सैन्याच्या नोंदींचा फार मोठा भाग नष्ट झाला. बव्हेरिया आणि व्युर्टेंबर्ग यांची सैन्यं प्रशासनाच्या दृष्टीने वेगळी असल्याने त्यांची कागदपत्रं म्युनिक आणि श्टुटगार्टमध्ये वाचली. म्हणजे म्युनिकच्या शिपायाचा माग काढता येतो. प्रशियातल्या वेस्टफालियाच्या शेतमजुराचा माग त्याच्या घरातल्या पुस्तिकेतच असतो, आणि ती पुस्तिका निळ्या डब्यात गेली की तो कायमचा गेला.

मराठी माणसाला हे समजवायला नको. वाण्याच्या पुड्यांत जाणारे जुने कागद वाचवण्यासाठी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव वाडे धुंडाळत फिरले. माळ्यावरची दप्तरं, भिजलेली, वाळवी लागलेली. त्यांनी तलवारी जमवल्या नाहीत, कागद जमवले. आज आपल्याला अठराव्या शतकातलं जे घरगुती, बारीकसारीक, हिशेबाच्या चोपडीतलं आयुष्य कळतं ते त्या खटाटोपामुळे. आणखी एक साम्य मला डबा घरी आणल्यावर कळलं. पुस्तिकेतला छापील मजकूर वाचता येत होता, पण हाताने भरलेलं एक अक्षर लागेना. ती कुरेंट नावाची जुनी जर्मन लपेटी लिपी होती. आजचे जर्मन तरुण आजीची पत्रं वाचू शकत नाहीत, जसे आपण पणजोबांची मोडी वाचू शकत नाही. फरक इतकाच की तिथे ती लिपी शाळांतून बंद झाली ती १९४१ च्या सरकारी हुकमाने. ती शिकायला मला एक आख्खा हिवाळा लागला. माझी शेजारीण, पंचाऐंशीच्या पुढची, रोज संध्याकाळी चहाला बोलवायची आणि एकेक शब्द माझ्याकडून घोकून घ्यायची.

आणि मग पुस्तिकेतलं 'लढाया' हे पान उलगडलं. माणूस वेस्टफालियातला, पायदळातला, धंदा सुतारकीचा. लढायांच्या यादीत ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस एक नाव होतं: नव शापेल. त्या नावावर माझं बोट थांबलं. २८ ऑक्टोबर १९१४ ला उत्तर फ्रान्समधल्या याच गावावर ४७ व्या शीख पलटणीबरोबर सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्या चालून गेल्या होत्या. ते सॅपर्स खडकीचे. त्यांच्यात शीख होते, मुसलमान होते आणि मराठेही होते. घराघरांतून, परसांतून संगिनींनी लढाई झाली. जवळजवळ सगळे अधिकारी गमावून त्यांना मागे यावं लागलं. आज नव शापेलला भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, १९२७ साली उभारलेलं, ४,७०० हून अधिक नावांचं. मी खडकीच्या बाजूला लहानाची मोठी झाले. बाँबे सॅपर्सच्या फाटकावरून शाळेची बस जायची. त्या फाटकातून गेलेले शिपाई आणि माझ्या डब्यातला सुतार एकाच गल्लीत समोरासमोर आले असतील का, हे मला कधी कळणार नाही. पण तो प्रश्न पडला तो कागदामुळे. क्रॉसने मला काहीच सांगितलं नसतं.

त्याच डब्यातली सनद तर आणखी बोलकी निघाली. १३ जुलै १९३४ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांनी पहिल्या महायुद्धासाठी एक सन्मान क्रॉस जाहीर केला. आघाडीवर लढलेल्यांना तलवारींसह, न लढलेल्यांना तलवारींशिवाय, आणि मेलेल्यांच्या विधवांना व आईबापांना काळ्या रंगाचा. अर्ज केला की मिळायचा. तीनच आठवड्यांत, २ ऑगस्टला, हिंडेनबर्ग वारले. त्यामुळे या सनदा निघाल्या त्या 'फ्यूरर आणि राइख चान्सलर यांच्या नावाने'. सोळा-अठरा वर्षं नवऱ्याचं दुःख उराशी धरून बसलेल्या बाईच्या हातात हा कागद पडला तेव्हा त्यावर तिच्या नवऱ्याच्या राजाचं नाव नव्हतं, हिटलरचं होतं. आघाडीवर लढलेल्या ज्यूंनाही १९३४-३५ मध्ये हाच क्रॉस याच शब्दांत मिळाला, आणि त्याच १९३५ च्या सप्टेंबरात न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. हे पदक बाजारात काही युरोंना मिळतं. सनद बऱ्याचदा फुकट. माझ्या मते त्या कागदाचा एक वर्ग शाळेत घेता येईल: हुकूमशाही लोकांच्या खऱ्याखुऱ्या दुःखावर आपला शिक्का कसा मारते.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. या वस्तूंच्या खरेदीविक्रीवर सरसकट बंदीच का नको?

जर्मनीत फौजदारी कायद्याच्या ८६ अ कलमाने नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं आणि पसरवणं हा गुन्हा आहे. संशोधन, शिक्षण, कला, वृत्तांकन यांना सूट आहे. म्हणून लिलावाच्या यादीत स्वस्तिकावर पट्टी चिकटवलेली दिसते. घरात वस्तू असणं हा गुन्हा नाही. १९५७ च्या कायद्याने जुन्या सैनिकांना पदकं लावायची मुभा दिली ती स्वस्तिक काढून. क्रॉसच्या मधोमध स्वस्तिकाऐवजी ओकची पानं आली. फ्रान्स जास्त कडक आहे. तिथल्या न्यायालयाने २००० साली याहूला बजावलं की फ्रान्समधल्या लोकांना नाझी वस्तूंचे लिलाव दिसता कामा नयेत, आणि २००१ पासून कंपनीने असे लिलाव बंद केले. मला जर्मन रेषा बरोबर वाटते. मिरवणुकीत, दुकानाच्या काचेत, दंडावर हे चिन्ह दिसता कामा नये, आणि त्याबाबत मी तडजोड मागत नाही. पण कागदपत्रं विकत घेण्यावरच बंदी आली तर घरं रिकामी करणारा माणूस काय करील? डबा सरळ रद्दीत टाकील. किंवा तो गुपचूप अशा माणसाकडे जाईल ज्याला स्वस्तिकच हवं आहे, कागदातली नावं नको आहेत. पूजा करणाऱ्याला बाजार उघडा की बंद याने फरक पडत नाही. फरक पडतो तो अभ्यास करणाऱ्याला.

त्या पूजेचं अस्तित्व मी नाकारत नाही. एसएस या नाझी निमलष्करी दलाचा शिक्का असला की किंमत चढते, आणि ती अभ्यासासाठी चढत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये म्युनिकजवळच्या एका लिलावात हिटलरची घडीची उंच टोपी विकायला आली. जिनिव्हाचे, लेबनॉनमध्ये जन्मलेले व्यापारी अब्दल्ला शातिला यांनी ती आणि आणखी काही वस्तू सुमारे ६ लाख युरो मोजून घेतल्या, चुकीच्या हातात पडू नयेत म्हणून, आणि एका ज्यू संस्थेला देऊन टाकल्या. त्या पुढे जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू संहाराच्या स्मारकाकडे गेल्या. त्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. तरी एक म्हणेन, टोपी आपल्याला काही शिकवत नाही. टोपी विकणारा बाजार आणि सुताराची पुस्तिका वाचवणारा बाजार एकाच छपराखाली भरतो, आणि त्यांतला कोणता वाढेल हे आपल्यासारखे घेणारेच ठरवतात.

इथे आपल्या घरचं थोडं बोलायला हवं. स्वस्तिक आपल्या उंबऱ्यावर असतं, वहीच्या पहिल्या पानावर असतं. त्यामुळे ते जर्मन टोपीवर पाहिलं तरी आपल्या पोटात गोळा येत नाही. हिटलरच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर फूटपाथवर, स्टेशनच्या स्टॉलवर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मिळतं. २००६ साली नवी मुंबईत एका उपाहारगृहाला हिटलरचं नाव दिलं गेलं. मुंबईच्या ज्यू समाजाने हरकत घेतल्यावर ते बदललं. कडक शिस्तीच्या मास्तरला आपण सहज 'हिटलर' म्हणतो आणि त्यात थोडं कौतुक असतं. ज्या कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली म्हणून बेने इस्रायल ज्यू शतकानुशतकं आपले शेजारी होते, त्या कोकणच्या भाषेत ते कौतुक शोभत नाही. गेल्या वर्षी सुटीत पुण्याला आले तेव्हा रस्त्यावरच्या एका पथारीवर एक क्रॉस दिसला. "ताई, ओरिजिनल आहे. हिटलरच्या टायमाचा." मी उचलून पाहिला. अख्खा एकसंध ओतलेला, चौकट आणि मधलं लोखंड यांत सांधाच नाही, घंटेसारखा जड. खिशातल्या किल्ल्यांच्या जुडग्यात लोहचुंबकाचा तुकडा होता, तो धरला तर चिकटलाही नाही. "दादा, हा कुठून आणला?" त्याला माहीत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या कॉलेजच्या मुलाने घासाघीस करून तो घेतला आणि जॅकेटला लावला. त्याला मी काही बोलले नाही, याची रुखरुख अजून आहे.

खोट्या वस्तूंबद्दल फार लिहीत नाही, कारण एक उदाहरण पुरे आहे. १९८३ साली श्टर्न साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या सापडल्याचं जगाला सांगितलं. ९० लाखांहून अधिक मार्क मोजले होते. दोन आठवड्यांच्या आत जर्मन केंद्रीय अभिलेखागाराने त्या खोट्या ठरवल्या. कागदात युद्धानंतर वापरात आलेलं पांढरं करणारं रसायन होतं. लिहिणारा कॉन्राड कुयाऊ याचा मूळ धंदा लष्करी वस्तू विकण्याचा. साध्या वस्तूला खोटी सनद जोडली की भाव वाढतो हे तो त्या धंद्यात शिकला होता. बातमीदार हाइडेमान स्वतः नाझी वस्तूंच्या नादी लागलेला संग्राहक होता. वस्तू खरी असावी अशी ज्याची तीव्र इच्छा असते, त्याला फसवायला फार हुशारी लागत नाही.

फोटोंवर मात्र मला थांबायचं आहे, कारण सगळ्यात मोठी नासाडी तिथे चालली आहे.

त्या काळात जर्मन सैनिक खूप फोटो काढायचे आणि काळ्या जाड पानांच्या अल्बममध्ये डकवायचे. व्यापारी हे अल्बम विकत घेतो आणि पानांवरून फोटो सोलतो, कारण रणगाड्याचा फोटो वेगळा विकला जातो, विमानाचा वेगळा, आणि बाकीचे मूठभर पैशांत. सोलताना मागचा कागद डिंकाबरोबर पानालाच राहतो. त्याच्यावर पेन्सिलीने लिहिलेलं असतं: गावाचं नाव, तारीख, 'डावीकडून तिसरा मी'. माझ्याकडे असा एक फोटो आहे. बर्फात सहा माणसं, मागे जळकं खोपट. पाठीवर फक्त 'ऑक्टो' एवढीच अक्षरं शिल्लक आहेत. खोपट कोणी जाळलं? ही माणसं तिथे विझवायला होती, पेटवायला होती की नुसती वाटेने चालली होती? अल्बमचं आधीचं पान आणि नंतरचं पान असतं तर कळलं असतं.

अल्बम अखंड राहिला तर काय होतं तेही पाहा. १९४६ मध्ये फ्रँकफर्टच्या एका रिकाम्या घरात एका अमेरिकन अधिकाऱ्याला एक अल्बम सापडला. त्याने तो साठ वर्षं जपला आणि २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला दिला. अल्बम कार्ल हॉकरचा निघाला, आउशवित्झच्या कमांडंटच्या सहायकाचा. ११६ फोटो. छावणीजवळच्या विश्रामगृहाच्या गच्चीवर आरामखुर्च्या, अकॉर्डियन वाजवणारा माणूस, वाटीतल्या ब्लूबेरी खाणाऱ्या हसऱ्या मुली. बरेच फोटो १९४४ चे, म्हणजे ज्या वर्षी हंगेरीतल्या लाखो ज्यूंना त्याच छावणीत मारलं गेलं. सुटा विकला असता तर ब्लूबेरीचा फोटो कोणाला काय सांगणार होता? सहलीचा फोटो म्हणून गेला असता. सोबिबोर या मृत्युछावणीचा उपप्रमुख योहान नीमान कैद्यांच्या उठावात १४ ऑक्टोबर १९४३ ला मारला गेला. त्याचे अल्बम आणि कागद घरात राहिले. नातवाच्या परवानगीने ३६१ फोटो २०२० मध्ये जगापुढे आले. दीड लाखाहून अधिक माणसं जिथे मारली गेली त्या जागेची पाहण्याजोगी छायाचित्रं त्याआधी जवळजवळ नव्हती. ती मिळाली ती एका कुटुंबाने काही न फाडता, न विकता ठेवल्यामुळे.

उलटी चूकही होते. १९९५ मध्ये हॅम्बुर्गच्या सामाजिक संशोधन संस्थेने जर्मन सैन्याच्या गुन्ह्यांवर फिरतं प्रदर्शन काढलं. 'गुन्हे एसएसने केले, आमचे साधे शिपाई स्वच्छ होते' हा घराघरांतला समज त्याने मोडला, मुख्यतः सैनिकांनीच काढलेल्या फोटोंच्या बळावर. १९९९ मध्ये एका पोलिश आणि एका हंगेरियन इतिहासकाराने दाखवून दिलं की काही फोटोंतले मृतदेह सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या बळींचे आहेत. प्रदर्शन थांबवलं, समिती नेमली. सुमारे १,४०० फोटोंपैकी वीसहून कमी चुकीचे निघाले. मूळ प्रतिपादन टिकलं, पण ज्यांना ते नकोच होतं त्यांना वीस फोटो पुरले. चूक कुठे होती? फोटोखालच्या ओळी जशा मिळाल्या तशा मानल्या गेल्या. फोटो कोणाकडून आला, कुठल्या अल्बममधून, मागे काय लिहिलं होतं, हा माग कोणी शेवटपर्यंत काढला नव्हता.

एक गोष्ट अशी आहे जिच्याबाबत मला कोणतीच सूट मान्य नाही. जर्मन शिपायाच्या गळ्यात एक लंबगोल बिल्ला असायचा, मधोमध छिद्रांची रांग असलेला. माणूस मेला की अर्धा तुकडा मोडून नोंदीसाठी न्यायचा, अर्धा देहाबरोबर राहायचा. पूर्व युरोपातल्या रानांत धातुशोधक यंत्रं घेऊन लोक आजही हे अर्धे तुकडे उकरतात आणि विकतात. १९१९ मध्ये स्थापन झालेली जर्मन युद्धसमाधी संस्था ४६ देशांत सुमारे २८ लाख समाध्या सांभाळते आणि अजूनही सांगाडे शोधून नावानिशी पुरते. तो तुकडा काढून घेतला की तो सांगाडा बेवारस. मुलगी नव्वदीची असेल, बाप कुठे आहे हे तिला कधीच कळणार नाही. जमिनीतून आलेला बिल्ला घेणाऱ्याला मी संग्राहक मानत नाही, त्याला थडगी उकरणाऱ्याचं गिऱ्हाईक मानते.

मग करायचं काय? संच आहे तसा घ्यावा, तसाच ठेवावा, तसाच पुढे द्यावा. कोणाकडून, कधी, कुठल्या घरातून आला ते त्याच दिवशी लिहावं. फोटोच्या दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. आणि घरात कुलूप लावून बसू नये. बर्लिनमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या नोंदींचं जे मोठं दप्तर आहे, ते २०१९ पासून केंद्रीय अभिलेखागाराचा भाग आहे. तिथे विचारणा करता येते. पहिल्या महायुद्धातल्या मृत-जखमींच्या छापील याद्या जर्मन वंशावळी अभ्यासकांच्या संघटनेने स्वयंसेवकांकरवी एकेक नाव वाचून शोधण्याजोग्या केल्या. ८० लाखांहून अधिक नोंदी, बिनपैशाच्या कामाने. जळालेल्या पॉट्सडॅमची भरपाई अशीच होणार आहे, घरोघरच्या डब्यांतून. स्वतःला संग्राहक म्हणवणाऱ्याने आपले कागद या कामाला खुले केले नाहीत तर त्याने ते निळ्या डब्यातून वाचवले काय नि न वाचवले काय.

आपल्याकडेही ट्रंका आहेत. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत दगडी पाटी आहे: या गावातून १९१४-१९ च्या महायुद्धावर इतकी माणसं गेली, त्यांतली इतकी मेली. नावं पाटीवर नाहीत, आकडे आहेत. नावं पदकांच्या कडेवर होती, आणि ती पदकं चांदीची असल्याने त्यांतली पुष्कळ सोनाराकडे मोडीत गेली. उरली असतील ती कृपा करून मोडू नका, आणि पदकाबरोबरचा पेन्शनचा कागद, पलटणीतलं पत्र, पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असलेला फोटो वेगळा काढू नका.

माझ्या डब्यातल्या सुताराचं गाव पुस्तिकेत होतं. तिथल्या नगर अभिलेखागाराला मी स्कॅन पाठवले. पंधरा दिवसांत उत्तर आलं. चार फोटोंपैकी एकाच्या मागच्या बाजूचं स्कॅन धूसर होतं, ते पुन्हा मागितलं होतं. मी पाठवलं. त्यावरून त्यांनी दोन माणसं ओळखली. एक सुताराचा धाकटा भाऊ, दुसरा गावचा बेकरीवाला, ज्याचं नाव चर्चमधल्या युद्धस्मारकावर आहे पण चेहरा गावात कोणाकडे नव्हता. सुताराच्या घराण्यातलं आता तिथे कोणी नाही. पुढच्या वसंतात मी सगळा डबा त्यांना नेऊन देणार आहे, क्रॉससकट. तोपर्यंत झाकणाच्या आतून एक चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे, जर्मनमध्ये आणि मराठीत, मला काही झालं तर घर आवरणाऱ्यासाठी: यातलं काहीही वेगळं करू नये.